परळचं प्रश्न विचारणारं रुग्णालय

मुंबईत परळ म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक, कापडगिरण्यांचे भोंगे. दुसरी, दवाखाने. गिरण्यांचे भोंगे कधीच बंद झाले आणि त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. दवाखाने मात्र आहेत तिथेच आहेत. परळ स्टेशनवरून पूर्वेकडे उतरलं की थोड्या अंतरातच केईएम रुग्णालय लागतं, लहान मुलांचं वाडिया रुग्णालय लागतं, टाटा रुग्णालय लागतं. गाईबैलांचं आणि कुत्र्यामांजरांचं रुग्णालयसुद्धा इथंच आहे, बरं का!

दोस्तांनो, आज आपण या परळमध्ये फेरफटका मारणार आहोत. आजारी पडून नव्हे, एका प्रश्नाचं उत्तर शोधायला.

प्रश्न अगदी साधा आहे. तुम्हाला ताप येतो. आई तुम्हाला डॉक्टरकाकांकडे नेते. ते घसा बघतात, छाती तपासतात, गोळ्या लिहून देतात. चार दिवसांत तुम्ही पुन्हा मैदानावर हजर! पण या तापाला हीच गोळी द्यायची, हे डॉक्टरकाकांना कुणी सांगितलं? तुम्ही म्हणाल, त्यांनी ते पुस्तकात वाचलं. मग पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? कुठंतरी, कधीतरी, कुणीतरी पहिल्यांदा ते शोधून काढलं असणारच ना?

ज्या रुग्णालयात आजारी माणसांवर उपचार होतात आणि त्याच वेळी असे शोधही चालू असतात, त्याला संशोधन करणारं रुग्णालय म्हणतात. आपल्या देशातलं अशांपैकी एक फार मोठं रुग्णालय परळमध्ये आहे. पण तिथं जाण्याआधी वाटेतल्या एका जुन्या वास्तूपाशी थोडं थांबू.

गव्हर्नरच्या बंगल्यात लस

आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. तिची जुनी दगडी इमारत म्हणजे एके काळचा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. पुढे गव्हर्नरसाहेब मलबार हिलला राहायला गेले आणि १८९९ साली इथं वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आली.

त्याआधी तीन वर्षं, म्हणजे १८९६ साली, मुंबईत प्लेगची साथ आली होती. लोक शहर सोडून गावाकडे पळत होते. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगवरची लस तयार केली. ती सुरक्षित आहे का, हे कसं कळणार? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते ठणठणीत राहिले.

एका माणसाला काही झालं नाही, एवढ्यानं लस उपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी साधारण निम्मे लस घ्यायला तयार झाले, निम्म्यांनी घेतली नाही. दोघांची जागा एक, जेवण एक, हवा एक. फरक फक्त लशीचा. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये प्लेग जास्त झाला आणि मृत्यूही जास्त झाले. लस उपयोगी आहे असं त्या तुलनेवरून दिसलं.

‘तुलना’ हा शब्द आता लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे. आणि एक शंकाही मनात ठेवून द्या. तुरुंगातला माणूस खरंच मोकळ्या मनानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो का? त्या शंकेकडेही आपण येऊ.

टाटा रुग्णालयाच्या दारात

आता डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर या. डॉ. बोर्जेस हे मूळचे गोव्याचे. टाटा रुग्णालयातले नावाजलेले सर्जन. रस्त्याला त्यांचंच नाव दिलेलं आहे. सकाळच्या वेळी इथं पाऊल ठेवायला जागा नसते. हातात जाडजूड फायली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेले लोक. कुणी बंगालहून आलेलं, कुणी बिहारहून, कुणी चंद्रपूरहून तर कुणी चिपळूणहून. तोंडाला मास्क लावलेली, डोक्यावरचे केस गेलेली लहान मुलं आईच्या कडेवर बसून इकडेतिकडे बघत असतात. केस जातात ते औषधामुळे. उपचार संपले की परत येतात.

हे आहे टाटा मेमोरियल रुग्णालय, कॅन्सरचं म्हणजे कर्करोगाचं रुग्णालय. त्याच्या जन्माची गोष्ट दुःखाची आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. परदेशात त्यांच्यावर उपचार झाले होते. तशी सोय आपल्या देशातही असावी, अशी दोराबजींची इच्छा होती. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. मागे राहिलेल्यांनी ही इच्छा सोडली नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालयाचं उद्‌घाटन झालं. तेव्हा इथं ८० खाटा होत्या. आज सहाशेहून अधिक आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात रोज हजाराहून अधिक माणसं येतात.

आता एक गंमत. हे रुग्णालय कोणत्या सरकारी खात्याकडे असेल? आरोग्य खात्याकडे, असंच तुम्ही म्हणाल. १९५७ साली ते आरोग्य खात्याकडे गेलंही होतं. पण १९६२ साली ते आलं अणुऊर्जा विभागाकडे! कर्करोगाच्या गाठी जाळायला किरणोत्सर्गाचा उपयोग होतो, आणि त्याची माहिती अणुशास्त्रज्ञांना सर्वांत जास्त. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रानं याच कामासाठी ‘भाभाट्रॉन’ नावाचं देशी यंत्र बनवलं. १९६६ साली हे रुग्णालय आणि शेजारची कर्करोग संशोधन संस्था एकत्र आणून ‘टाटा मेमोरियल सेंटर’ झालं. उपचार आणि शोध एकाच घरात नांदू लागले.

एक हजार फायली

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा कोट, काचेच्या नळ्या, त्यातून निघणारा धूर! पण रुग्णालयातल्या संशोधनाची सुरुवात बहुतेक वेळा होते ती कागदानं.

टाटा रुग्णालयात आलेल्या प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि त्याची फाइल तयार होते. नाव, गाव, वय, धंदा, सवयी, गाठ कुठं आहे, केवढी आहे, सगळं त्यात लिहिलं जातं. गाठीचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. या तपासणीला बायोप्सी म्हणतात. हे काम करणाऱ्या शास्त्राचं नाव पॅथॉलॉजी.

रुग्णालय सुरू झालं तेव्हा इथल्या पॅथॉलॉजीचं काम डॉ. वसंत रामजी खानोलकर पाहत होते. त्यांच्यापुढे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण एकामागून एक येत होते. एवढे का? इथंच का? खानोलकरांनी ओळीनं आलेल्या एक हजार रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९४४ साली त्यावर निबंध लिहिला. पुढे १९५५ साली डॉ. संघवी, डॉ. राव आणि खानोलकर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या माणसांना त्यांनी तंबाखूच्या सवयीबद्दल विचारलं आणि दोन्ही गट शेजारी शेजारी मांडले. पुन्हा तीच तुलना! त्यातून दिसलं की तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आहे आणि बिडी ओढण्याचा घशाच्या कर्करोगाशी. हा निबंध लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

एका माणसाला विचारा, तो म्हणेल, “आमच्या आजोबांनी ऐंशी वर्षं तंबाखू खाल्ली, त्यांना काही झालं नाही!” तो खोटं बोलत नाही. पण एका आजोबांवरून काहीच ठरत नाही. हजार आजोबांची नीट नोंद ठेवली तरच खरं काय ते कळतं. मुंबईत तर १९६३ पासून शहरातल्या कर्करोगाच्या रुग्णांची अशी नोंदवही ठेवली जाते. इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केलेली ही नोंदवही भारतातली अशी पहिलीच.

आत्ता की नंतर?

आता आपण आत, जरा अवघड प्रश्नाकडे जाऊ.

समजा, एका माणसाच्या जिभेवर कर्करोगाची लहानशी गाठ आहे. ती कापून काढायची, यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत. पण हा आजार जिभेवरून मानेतल्या ग्रंथींमध्ये उतरू शकतो. आज मान तपासली तर हाताला काहीच लागत नाही. मग काय करायचं? जिभेबरोबर मानेतल्या ग्रंथीही आत्ताच काढायच्या? की लक्ष ठेवायचं आणि गाठ आलीच तर तेव्हा काढायची?

पहिल्या पद्धतीत मोठं ऑपरेशन. खांदा दुखतो, हात वर करायला त्रास होऊ शकतो, आणि कित्येकांच्या बाबतीत ते ऑपरेशन विनाकारणही ठरू शकतं. दुसऱ्या पद्धतीत उशीर होण्याची भीती. जगभरातल्या सर्जनमध्ये या प्रश्नावर अनेक वर्षं वाद चालू होता. दोन्ही बाजूंना मोठमोठे डॉक्टर होते. खरं उत्तर एकच होतं : माहीत नाही.

‘माहीत नाही’ म्हणायला धैर्य लागतं, मुलांनो. वर्गात बाईंनी विचारलं तर आपणही मान खाली घालतो. पण संशोधन करणाऱ्या रुग्णालयाचं काम या दोन शब्दांनीच सुरू होतं.

टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या प्रश्नावर चाचणी सुरू केली. तयार असलेल्या रुग्णांचे दोन गट. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनात काढायच्या. दुसऱ्या गटावर लक्ष ठेवायचं आणि गरज पडली तर काढायच्या. कोण कोणत्या गटात जाणार? ते डॉक्टरांनी ठरवायचं नाही, रुग्णानंही नाही. ते ठरतं चिठ्ठी टाकल्यासारखं.

हे ऐकून तुम्ही चमकला असाल. माणसाच्या जिवाचा प्रश्न आणि चिठ्ठी? पण थोडा विचार करा. डॉक्टरांनी निवड केली असती तर त्यांनी नकळत धडधाकट रुग्ण एका गटात आणि अशक्त दुसऱ्या गटात घातले असते. मग फरक दिसला तरी तो ऑपरेशनमुळे पडला की ताकदीमुळे, हे कसं कळलं असतं? गल्लीत क्रिकेटचे संघ पाडताना चांगले खेळाडू एकाच बाजूला गेले तर सामन्याला अर्थ उरत नाही, तसंच हे.

एक एक करत दहा वर्षांत ५९६ रुग्ण या चाचणीत आले. ऑपरेशन झालं की काम संपत नाही. रुग्ण पुन्हा पुन्हा तपासणीला आला पाहिजे. लांबच्या गावचा एखादा आला नाही तर त्याला पत्र लिहायचं, फोन करायचा, “कसे आहात?” विचारायचं. हे करणारी माणसं डॉक्टर नसतात. नोंदी ठेवणारे, आकडेमोड करणारे, समाजसेवक, परिचारिका अशी कितीतरी माणसं या कामात असतात. वर्तमानपत्रात त्यांची नावं येत नाहीत. पण त्यांनी एक नोंद चुकवली तर अख्ख्या चाचणीचं उत्तर चुकू शकतं.

शिवाय अशा चाचणीवर नजर ठेवणारी एक वेगळी समिती असते. मध्येच एखादा गट फारच मागे पडत असेल तर चाचणी चालू ठेवणं अन्याय होईल ना? या चाचणीत समितीच्या सांगण्यावरून पहिल्या ५०० रुग्णांचे आकडे तपासले गेले. तीन वर्षांनंतर, ग्रंथी लगेच काढलेल्या गटात शंभरातले ८० रुग्ण हयात होते. थांबून बघितलेल्या गटात साडेसदुसष्ट. म्हणजे लगेच ऑपरेशन केलं तर साधारण दर आठ रुग्णांमागे एक जीव जास्त वाचत होता.

२०१५ साली हा निकाल जगापुढे मांडला गेला. अनेक वर्षांचा वाद मिटला. यात नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं. होता तो फक्त एक नीट विचारलेला प्रश्न आणि शेकडो रुग्णांची साथ.

विचारल्याशिवाय नाही

आता ती तुरुंगातली शंका पुन्हा काढू. माणसांवर प्रयोग करायचे तर त्यांचा हक्क कोण सांभाळणार?

यासाठी आज कडक नियम आहेत. कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी ती लेखी स्वरूपात नैतिकता समितीपुढे ठेवावी लागते. या समितीत फक्त डॉक्टर नसतात. कायदा जाणणारा माणूस असतो, समाजाचा अभ्यास करणारा असतो आणि तुमच्या-आमच्यासारखा एखादा सामान्य नागरिकही असतो. समितीचा अध्यक्ष तर रुग्णालयाच्या बाहेरचाच असावा लागतो. ‘यात रुग्णाचं काय भलं आहे? धोका किती? त्याला समजेल अशा भाषेत सांगितलंय का?’ असे प्रश्न समिती विचारते. उत्तरं पटली नाहीत तर चाचणी होत नाही.

मग रुग्णाला त्याच्या भाषेतलं संमतीपत्र दिलं जातं. ‘नाही’ म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क असतो. ‘हो’ म्हटल्यावर मध्येच बाहेर पडण्याचाही असतो. आणि ‘नाही’ म्हटलं म्हणून त्याचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

रुग्ण तुमच्या वयाचा असेल तर? आई-बाबांची सही लागतेच. पण तेवढ्यानं भागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे नियम सांगतात की सात ते बारा वर्षांच्या मुलाला समजावून त्याचा तोंडी होकार घ्यायचा आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. म्हणजे तुम्हालाही विचारावं लागतं!

नियम आहेत म्हणून सगळे प्रश्न सुटले, असं मात्र समजू नका. १९९८ साली टाटा रुग्णालयानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो. तो लवकर ओळखण्यासाठी व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून बघण्याची सोपी तपासणी आहे. आजाराची शंका असलेला भाग पांढरा दिसतो. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून ही तपासणी करून घेतली. दीड लाखाहून अधिक बायकांचे दोन गट केले होते. एका गटाची तपासणी झाली, दुसऱ्या गटाला फक्त आजाराची माहिती दिली. २०१३ साली निकाल आला. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

निकाल आनंदाचाच. पण काही डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का? चाचणी करणारे म्हणाले, आपल्या देशात बहुतेक बायकांना कसलीच तपासणी मिळत नव्हती. ही साधी पद्धत उपयोगी आहे हे सिद्ध केल्याशिवाय ती सगळीकडे कशी नेणार? तुम्हाला काय वाटतं? घरी आई-बाबांशी बोलून बघा. याचं सोपं उत्तर नाही. म्हणून तर अशा समित्या लागतात.

औषधं आणि त्यांचं वेळापत्रक

लहान मुलांच्या विभागाकडे वळू. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग पुष्कळ दिसतो. १९६० च्या सुमारास जगात कुठंही हा आजार झालेली फार थोडी मुलं वाचत. आज श्रीमंत देशांत त्यांतल्या एका मुख्य प्रकाराची शंभरातली जवळजवळ नव्वद मुलं बरी होतात.

ही जादू एका औषधानं झाली का? मुळीच नाही. यातली बरीचशी औषधं जुनीच आहेत. बदललं ते वेळापत्रक. कोणतं औषध आधी, किती, किती दिवसांच्या अंतरानं, कोणतं कशाबरोबर. एक वेळापत्रक आणि दुसरं वेळापत्रक यांची तुलना करायची, चांगलं ठेवायचं, मग त्यात पुन्हा थोडा बदल करून बघायचा. १९८० च्या दशकात मुंबईचं टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अशीच एक आखणी एकत्र वापरली. आपल्याकडच्या मुलांना सोसेल आणि आपल्या रुग्णालयांना जमेल अशी ती आखणी होती. परदेशातलं उत्तर तसंच्या तसं उचलून चालत नाही. आपल्याकडची मुलं कित्येकदा आधीच अशक्त असतात, उशिरा येतात, त्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून इथल्या प्रश्नांची उत्तरं इथंच शोधावी लागतात.

याच रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी भारतात पहिल्यांदा एका रुग्णाला दुसऱ्याच्या हाडांतला मगज देण्यात आला. मगज म्हणजे रक्त तयार करणारा कारखाना. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि मगज दिला तिच्या भावानं! हे घडवून आणणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून काम करत. ते हे तंत्र अमेरिकेत सिएटलला जाऊन शिकून आले होते.

चला खारघरला!

आता थोडा प्रवास करायचा आहे. परळहून लोकलनं कुर्ला, तिथं हार्बरची गाडी पकडून वाशीच्या खाडीपुलावरून नवी मुंबईतलं खारघर. इथं सुमारे साठ एकरांवर टाटा मेमोरियल सेंटरचं दुसरं घर आहे. कर्करोगाचं संशोधन करणारी परळची ती संस्था इथं आली. परळची गर्दी नाही, झाडं आहेत, मागे डोंगर आहेत.

काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट इथं नक्की भेटतात. कर्करोगाच्या पेशी उबदार कपाटांत बरोबर ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराइतक्या उष्णतेत वाढवतात. याच्या अगदी उलट काही नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये शून्याखाली १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. आज ज्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं साधन नाही, ते वीस वर्षांनी सापडलं तर? तेव्हा नमुना हाताशी हवा, म्हणून ही साठवण.

प्रयोगशाळा आणि रुग्णाची खाट जवळजवळ असल्या की काय होतं, त्याचं एक ताजं उदाहरण बघा. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे शिपाई असतात. ते जंतूंशी लढतात, पण कर्करोगाच्या पेशी त्यांना चकवतात. शास्त्रज्ञांनी काय केलं? रुग्णाच्या रक्तातून हे शिपाई बाहेर काढले. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घातलं. त्यामुळे त्यांना कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखता येऊ लागली. मग त्यांची संख्या वाढवून ते रुग्णाला परत दिले. या पद्धतीचं नाव कार-टी. अमेरिकेत ती आधीपासून होती, पण किंमत काही कोटी रुपये!

पवईच्या आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार यांचा चमू आणि टाटाचे डॉक्टर यांनी मिळून ही पद्धत इथं तयार केली. जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. आधीचे उपचार हरलेल्या रुग्णांवर ती वापरली, तेव्हा साधारण शंभरातल्या ७३ जणांना गुण आला. परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक दशांश खर्चात हे झालं. पण पूर्ण खरं सांगायचं तर सगळ्यांना गुण आला नाही, काहींचा आजार परतला, आणि एक दशांश झाली तरी ही रक्कम लाखांत आहे. म्हणजे प्रश्न अजून शिल्लक आहेत, आणि खारघरला काम चालू आहे.

उत्तर तुमच्या गावापर्यंत

शोध लागला आणि तो परळमध्येच राहिला तर काय उपयोग? गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला तो मिळायला हवा. यासाठी २०१२ साली ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ हे जाळं तयार झालं. आज देशातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था त्यात आहेत. कोणत्या आजाराला कोणता उपचार, याचे नियम ती एकत्र ठरवतात. वाराणसी आणि गुवाहाटीसारख्या ठिकाणी टाटा मेमोरियल सेंटरची रुग्णालयंही आहेत.

आणि एक शोध तर तुमच्या शाळेच्या दारापर्यंत येऊन पोचला आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू किंवा सिगारेट विकायला बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा विकायलाही बंदी आहे. हे कायदे आभाळातून पडले नाहीत. त्यांच्यामागे इथल्या आणि इतर देशांतल्या हजारो रुग्णांच्या फायली आहेत. खानोलकरांनी अभ्यासलेल्या त्या एक हजार फायलीही त्यांतच आल्या. उद्या शाळेत जाल तेव्हा फाटकापासून शंभर पावलं मोजत चाला आणि बघा, कायदा पाळला जातोय का. पाळला जात नसेल तर मुख्याध्यापकांना सांगा.

जाता जाता आई-बाबांसाठी दोन शब्द. रुग्णालय ही सहलीची जागा नाही, तेव्हा मुलांना घेऊन तिथं बघायला जाऊ नका. पण रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना उपचार चालू असताना वारंवार रक्त आणि प्लेटलेट्स लागतात. ते कुठल्याच कारखान्यात बनत नाहीत. अठरा वर्षांवरच्या धडधाकट माणसाला ते देता येतं. आपल्या गावात रक्तदान शिबिर असेल तर जरूर जा. मुलांना बरोबर न्या, बाहेरच्या बाकावर बसवा. ती प्रश्न विचारतीलच. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही, आपण शोधू या’ असं बिनधास्त सांगा.